देवाची आळंदी की चोराची? इंटरनेटचे शब्द आधी समजून घ्या

मुलीची शिष्यवृत्ती, कंपनीतला पी.एफ., गावाकडचा सातबारा, घरचे लाईट बिल, रेल्वेचे तिकीट. ही सगळी कामे आता इंटरनेटवर गेली आहेत. देहूगाव, देहूरोड, तळवडे, चिखली, चाकण या पट्ट्यातील प्रत्येक कामगाराच्या खिशात मोबाईल आहे. पाळी सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये बसून तो व्हिडिओ पाहतो, घरी पैसे पाठवतो. पण "ब्राउझर उघडा", "लॉगिन करा", "फाइल अपलोड करा" असे कोणी म्हटले, की तो मोबाईल दुसऱ्याच्या हातात देतो आणि म्हणतो, "तूच कर बाबा, मला काय कळतंय त्यातलं."

वाचकहो, ही गोष्ट साधी नाही. आपल्या आजा-पणजांनी सावकाराच्या कागदावर अंगठे उठवले. कागदात काय लिहिले आहे ते सांगणारा आणि अंगठा घेणारा माणूस एकच असे. त्यात कुणाची जमीन गेली, कुणाची भांडी गेली, कुणाचा जन्म व्याज फेडण्यात गेला. आज आपली मुले दहावी-बारावी, पदवीपर्यंत शिकली. तरीही मोबाईलवर "मान्य आहे" असे बटण दिसले की आपण ते न वाचता दाबतो, आलेला ओटीपी विचारील त्याला सांगतो. न वाचता दाबलेले बटण आणि न वाचता उठवलेला अंगठा यांत फरक तो काय?

आम्ही दिवसभर कचेरीत कारकुनी करतो आणि रविवारी वस्तीतल्या मुलांचे फॉर्म भरायला बसतो. तेथे आमच्या असे ध्यानात आले, की माणसे अडतात ती त्याच पंधरा-वीस शब्दांवर. शब्द इंग्रजी आहेत म्हणून घाबरण्याचे कारण नाही. स्टेशन, तिकीट, फिटर, ओव्हरटाइम हे शब्दही इंग्रजीच होते. आपण ते पचवले. तसेच हेही पचवू.

इंटरनेट म्हणजे रस्ता, वेब म्हणजे त्यावरची गावे

इंटरनेट म्हणजे जगभरातले संगणक एकमेकांना जोडणारे जाळे. एका संगणकाकडून दुसऱ्याकडे मजकूर, चित्र, आवाज नेणारा हा रस्ता समजा. हा रस्ता आभाळातून, उपग्रहावरून जातो असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात देशोदेशींची बहुतेक सगळी वाहतूक समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलींमधून होते. त्यांतल्या काही केबली मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर जमिनीवर येतात. तेथून पुढे रस्त्याकडेला खणून टाकलेल्या काचतंतूंच्या केबलींनी हे जाळे तुमच्या वस्तीजवळच्या टॉवरपर्यंत पोहोचते. टॉवरपासून मोबाईलपर्यंतचा शेवटचा टप्पा तेवढा बिनतारी.

वाय-फाय हाही असाच एक शेवटचा टप्पा आहे. घरातल्या किंवा दुकानातल्या डब्यापासून तुमच्या मोबाईलपर्यंत एवढीच त्याची धाव. म्हणून वाय-फायची खूण पूर्ण दिसते आणि तरी काहीच उघडत नाही असे होते. डबा चालू असतो, पण डब्यामागची केबल तुटलेली असते.

'वेब' हा शब्द इंटरनेटच्या जागी सर्रास वापरतात, पण दोन्ही एक नव्हेत. ब्रिटिश शास्त्रज्ञ टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली. एका पानावरच्या शब्दावर बोट ठेवले की दुसरे पान उघडावे, ही ती कल्पना. त्या शब्दाला 'लिंक' म्हणतात, एका पानाला 'वेबपेज' आणि एकाच मालकाच्या अनेक पानांना मिळून 'वेबसाइट'. सर्नने ३० एप्रिल १९९३ रोजी हे सारे तंत्र कोणतेही मोल न घेता जगाला खुले केले. त्याआधी कितीतरी वर्षे इंटरनेट होते, ई-मेलही होता. रस्ता जुना, त्यावरची ही गावे नंतर वसली. व्हॉट्सअ‍ॅपचा निरोपही इंटरनेटच्याच रस्त्याने जातो, पण तो वेबच्या गावात शिरत नाही.

भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने मुंबईसह मोठ्या शहरांत ती सेवा सुरू केली. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून नंबर फिरवून जोडणी घ्यावी लागे. आज ती कामगाराच्या खिशात आली आहे.

सर्व्हर आणि क्लाऊड

वेबसाइट राहते कुठे? तीही एका संगणकातच राहते. जो संगणक रात्रंदिवस चालू राहून मागेल त्याला पान काढून देतो, त्याला 'सर्व्हर' म्हणतात. हॉटेलात वाढपी असतो तसा. "सर्व्हर डाऊन आहे" म्हणजे वाढप्याला सुचेनासे झाले आहे. एकाच वेळी हजारो माणसे मागायला आली, किंवा यंत्र बिघडले. शिष्यवृत्तीच्या शेवटच्या तारखेला हमखास असे होते ते यामुळेच. तेव्हा शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका.

'क्लाऊड' म्हणजे ढग. तुमचे फोटो क्लाऊडवर आहेत याचा अर्थ ते कुठल्यातरी कंपनीच्या इमारतीतल्या संगणकावर ठेवलेले आहेत. ती इमारत जमिनीवरच असते, तिला वीजही लागते आणि पहारेकरीही. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली भारतात अशी केंद्रे सुरू केली, त्यांत पुणे हे एक होते. आपले फोटो दुसऱ्याच्या कोठारात आहेत आणि कोठाराची किल्ली म्हणजे आपला पासवर्ड, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

ब्राउझर आणि सर्च इंजिन

वेबची पाने ज्याच्यातून दिसतात तो 'ब्राउझर'. क्रोम, फायरफॉक्स, सफारी ही ब्राउझरांची नावे. तुम्हाला गावाला नेणारे हे वाहन. 'सर्च इंजिन' वेगळे. गुगल, बिंग ही सर्च इंजिने. चौकात उभे राहून "अमुक ठिकाण कुठे आहे हो?" असे ज्याला विचारावे, तो हा वाटाड्या.

वाटाड्याने दाखवलेले प्रत्येक घर त्याच्या भरवशाचे असतेच असे नाही. शोधलेल्या यादीत सर्वांत वर काही वेळा पैसे देऊन टाकलेल्या जाहिराती असतात. त्यांवर बारीक अक्षरात 'प्रायोजित' असे लिहिलेले असते. बँकेचा किंवा कुरिअरचा मदत क्रमांक शोधताना पहिलाच दिसलेला नंबर फिरवून अनेकांनी आपले खाते रिकामे करून घेतले आहे. बँकेचा क्रमांक पासबुकावर किंवा एटीएम कार्डाच्या मागे छापलेला असतो. तोच वापरावा.

पत्ता वाचायला शिका

आता सर्वांत महत्त्वाचा शब्द. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत जी ओळ दिसते तिला 'यूआरएल' म्हणतात. यूआरएल म्हणजे पत्ता. या लेखातले बाकी सारे विसरलात तरी चालेल, पण पत्ता वाचण्याची रीत विसरू नका.

आपल्याच भागाचे उदाहरण घ्या. देहू हे इंद्रायणीकाठचे गाव. देहूरोड हे पुणे-लोणावळा लोकलचे स्टेशन आणि लष्करी छावणीची वसाहत. दोन्हींत काही किलोमीटरचे अंतर आहे. देहूला जायचे म्हणून नवखा माणूस देहूरोडला उतरतो आणि मग रिक्षा शोधत बसतो. एका शब्दाचा फरक, पण ठिकाण वेगळे. शेजारच्या आळंदीची तर म्हणच झाली आहे. निघाले देवाच्या आळंदीला आणि पोहोचले चोराच्या आळंदीला! इंटरनेटवर नेमके हेच घडते. दार तसेच, पाटी तशीच, रंगही तोच. आतला माणूस मात्र वेगळा.

मग ओळखायचे कसे? आपण पाकिटावर पत्ता लिहितो तेव्हा आधी नाव, मग घर, मग गाव, तालुका, जिल्हा लिहितो. टपाल खाते मात्र आधी खालचा जिल्हा पाहते आणि मग वर येते. वेबचा पत्ताही तसाच, शेवटाकडून वाचायचा. सातबाऱ्याचा सरकारी पत्ता पाहा : डिजिटलसातबारा डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन. पडद्यावर तो रोमन अक्षरांत दिसतो. डॉट म्हणजे टिंब. आता उजवीकडून वाचा. 'इन' म्हणजे भारत. 'जीओव्ही' म्हणजे सरकारी. 'महाभूमी' हे भूमी अभिलेखाच्या साइटचे नाव. 'डिजिटलसातबारा' हे त्या घरातले एक दालन. पी.एफ.चे पासबुकही तसेच : पासबुक डॉट ईपीएफइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन.

या नावाला 'डोमेन' म्हणतात. शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असलेले डोमेन सरकारी यंत्रणांनाच मिळते. नुसते 'डॉट कॉम', 'डॉट ऑर्ग' किंवा नुसते 'डॉट इन' कोणीही वर्षाचे पैसे भरून घेऊ शकतो. म्हणून चोर काय करतो? तो 'महाभूमी-जीओव्ही डॉट कॉम' असे काहीतरी नाव घेतो. मध्ये टिंबाऐवजी आडवी रेघ आणि शेवटी कॉम. किंवा खरा पत्ता जसाच्या तसा लिहून पुढे आपले शेपूट जोडतो : महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुक डॉट कॉम. डावीकडून वाचणाऱ्याला हा पत्ता सरकारी वाटतो. उजवीकडून वाचणाऱ्याला लगेच कळते की घर 'अमुक डॉट कॉम'चे आहे, बाकी सारी पाटी आहे. पत्त्यात तिरपी रेघ आली तर तिच्यापुढचा मजकूर सोडून द्या. तो घरातल्या खोलीचा नंबर असतो. पहिल्या एकट्या तिरप्या रेघेच्या अलीकडून मागे वाचत जायचे. 'एचटीटीपीएस'नंतर ज्या दोन तिरप्या रेघा येतात, त्या यात मोजायच्या नाहीत.

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने २०२५ साली एक चांगले पाऊल उचलले. सर्व बँकांनी आपल्या वेबसाइट 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यावर आणाव्यात असा आदेश दिला आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घातली. हे शेपूट बँकांव्यतिरिक्त कोणालाही मिळत नाही. आपल्या बँकेचा पत्ता एकदा नीट पाहून वहीत लिहून ठेवा.

संगणक एकमेकांना नावाने नव्हे तर आकड्याने ओळखतात. त्या आकड्याला 'आयपी पत्ता' म्हणतात. मोबाईलमध्ये आपण नाव शोधतो आणि फोन नंबराला लागतो, तसेच हे. नावावरून आकडा काढून देणाऱ्या व्यवस्थेला 'डीएनएस' म्हणतात. एवढे कळले की पुरे.

कुलपाचा अर्थ

पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' अशी अक्षरे असतात. शेवटचा 'एस' म्हणजे सुरक्षित. हा 'एस' नसेल तर तुमचा मजकूर पोस्टकार्डासारखा उघडा जातो, वाटेत कोणीही वाचू शकतो. 'एस' असेल तर तो बंद पाकिटातून जातो. पूर्वी याची खूण म्हणून कुलपाचे चित्र दिसे. क्रोमने २०२३ साली ते काढून दुसरी खूण ठेवली, कारण कुलूप दिसले की माणसे निर्धास्त होत. पाकीट बंद आहे यावरून ते घेणारा माणूस भला आहे असे ठरत नाही. चोरालाही बंद पाकिटातून पत्र घेता येते. म्हणून कुलूप पाहिले तरी पत्ता वाचायचाच.

लॉगिन, पासवर्ड, ओटीपी, पिन

'लॉगिन' म्हणजे आपले नाव सांगून आत जाणे. 'युजर आयडी' म्हणजे ते नाव. पी.एफ.मध्ये बारा आकडी यूएएन हेच तुमचे नाव असते. 'पासवर्ड' म्हणजे किल्ली. 'लॉगआउट' म्हणजे दार ओढून बाहेर येणे.

आमच्याकडे दरवर्षी अशी मुले येतात, ज्यांनी अकरावीला शिष्यवृत्तीचा फॉर्म दुकानातून भरलेला असतो. युजर आयडी आणि पासवर्ड दुकानदाराने आपल्या मनाने ठेवलेला, नोंद त्याच्या वहीत. बारावीला नूतनीकरण करायची वेळ येते तेव्हा दुकान हललेले असते, वही हरवलेली असते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीवरूनच मिळते. तिची किल्ली दुसऱ्याच्या खिशात ठेवून कसे चालेल? दुकानातून फॉर्म जरूर भरा, दुकानदाराला त्याची फी द्या. पण उठण्यापूर्वी आयडी आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत उतरवून घ्या आणि घरी येऊन पासवर्ड बदला.

'ओटीपी' म्हणजे एकदाच वापरायचा आकडा. ती तुमची त्या क्षणाची सही आहे. ओटीपीचा निरोप आला की नुसता आकडा पाहू नका, अख्खा निरोप वाचा. तो कशासाठी आहे हे बहुधा त्यातच लिहिलेले असते. "पी.एफ. दाखवतो" म्हणणाऱ्याने मागितलेला ओटीपी पैसे काढण्यासाठीचा निघाला, तर तेथेच थांबा. फोनवरून मागणाऱ्याला तर ओटीपी कधीच सांगायचा नाही, मग तो स्वतःला बँकेचा साहेब म्हणवो की पोलिसांचा.

यूपीआयचा 'पिन' पैसे देताना लागतो, घेताना लागत नाही. "तुम्हाला पैसे पाठवतोय, पिन टाका" असे जो म्हणतो तो चोर, यात शंका नको.

आणखी एक. नोकरी बदलली की आपले लोक स्वस्त मिळाले म्हणून सिमकार्डही बदलतात. पण बँक, आधार आणि पी.एफ.ला जुनाच नंबर राहतो. बंद केलेला नंबर काही काळाने कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते. मग आपले ओटीपी कुणा भलत्याच माणसाकडे जातात. नंबर बदलण्यापूर्वी तिन्ही ठिकाणी नवा नंबर लावून घ्या.

चढवणे, उतरवणे आणि वजन

चाकणच्या गोदामात ट्रकमध्ये माल चढवणे-उतरवणे आपल्याला ठाऊक आहे. आपल्या मोबाईलमधली फाइल सर्व्हरवर चढवणे म्हणजे 'अपलोड', तिकडची आपल्याकडे उतरवणे म्हणजे 'डाउनलोड'. मालाला वजन असते तसे फाइललाही असते. 'केबी' हे लहान माप, सुमारे हजार केबीचा एक 'एमबी' आणि सुमारे हजार एमबीचा एक 'जीबी'. मोबाईलने काढलेला फोटो काही एमबींचा असतो आणि फॉर्म मागतो काही केबींचा. म्हणून तो नाकारतो. तुमचा दाखला खोटा आहे म्हणून नव्हे. फोटोचे वजन कमी करून पुन्हा चढवायचा, एवढाच उपाय.

वाय-फायवाला "शंभर एमबीपीएस" म्हणतो ते माप आणखी वेगळे. ते बिटमध्ये असते, आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा एमबी उतरतील, शंभर नव्हे.

कुकी, अ‍ॅप आणि एपीके

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढतात. पुढच्या खेपेला तो नंबर दाखवला की तुमची सगळी हकिकत निघते. वेबसाइट तुमच्या ब्राउझरमध्ये अशीच एक चिठ्ठी ठेवते, तिला 'कुकी' म्हणतात. तिच्यामुळे साइट तुम्हाला ओळखते, आणि काही कुकी तुमच्या आवडीनिवडीचीही टेहळणी करतात. दुकानातल्या संगणकावर काम झाल्यावर लॉगआउट न करता उठलात, तर चिठ्ठी तेथेच राहते आणि पुढचा माणूस तुमच्या नावाने आत शिरू शकतो.

'अ‍ॅप' म्हणजे एका कामासाठी मोबाईलमध्ये बसवलेली यंत्रणा. अ‍ॅप बसवताना ते निरोप वाचण्याची, फोटो पाहण्याची परवानगी मागते. टॉर्चच्या अ‍ॅपला तुमचे निरोप कशाला वाचायला हवेत, हा प्रश्न विचारा. 'एपीके' ही अँड्रॉइड अ‍ॅपची उघडी फाइल. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका किंवा गाडीचे चलन म्हणून अशी फाइल येते. बोट लावून ती बसवली की ती तुमचे ओटीपी गुपचूप वाचू लागते. पत्रिका हे चित्र असते, ती 'बसवावी' लागत नाही. "आज रात्री वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा" हा निरोपही त्यातलाच. महावितरणने ग्राहकांना याबाबत वेळोवेळी सावध केले आहे.

फसवणूक झालीच तर

लाजून गप्प बसू नका. शिकलेले अधिकारीही फसले आहेत. पैसे गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन येथे तक्रार नोंदवा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरवत असतो. ते काढून घेण्याआधी तक्रार पोहोचली तर मधल्या खात्यात अडवता येतात. म्हणून येथे तासाला नव्हे, मिनिटाला किंमत आहे. मग बँकेला लेखी कळवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जा. आलेले निरोप पुसू नका, ते पुरावा आहेत.

वस्तीने काय करावे

हे शब्द एकट्याने पाठ करण्याचे नव्हेत. रविवारी वाचनालयात किंवा विहाराच्या पडवीत तासभर बसा. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी शिकवावे आणि आई-मावशीच्या हातूनच मोबाईल चालवून घ्यावा. "दे, मी करून देतो" असे म्हणून हिसकावून घेऊ नये. वेळ लागला तर लागू द्या. पहिल्या रविवारी एकच धडा घ्या : पी.एफ. पासबुकाचा पत्ता उघडायचा आणि तो उजवीकडून मोठ्याने वाचायचा. एमएस-सीआयटी झालेल्या मुलांनी प्रमाणपत्र भिंतीला टांगून ठेवण्यापेक्षा हा तास चालवावा.

घरोघरी एक वही ठेवा. तिच्यात बँकेचा, पी.एफ.चा, शिष्यवृत्तीचा खरा पत्ता आणि १९३० हा आकडा लिहा. पासवर्डाचे पान वेगळे ठेवा आणि ती वही घरातल्या माऊलीच्या पेटीत राहू द्या. दारात येणाऱ्या परक्या माणसाला आपण आधी "कोण? कुठून आलात?" असे विचारतो आणि मगच आत घेतो. मोबाईलच्या दारातही तेच विचारायचे.